लहान मुलाचा ओसीडी आणि घरच्यांनी करायचे उपचार: गावात राहून कोणी केलंय का?

रातांबा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. आम्ही गुहागर तालुक्यात गावातच राहतो. घरात सासू-सासरे, मी, मुलगा आणि धाकटी मुलगी. नवरा मुंबईला नोकरीला, सणाला आणि मे महिन्यात येतो. उन्हाळ्यात काजूच्या बिया फोडताना शेजारच्या काकींच्या हाताला तेल लागलं आणि कातडी सोलवटली. ते याने पाहिलं. आधी नुसते हात धुणं वाढलं. मग दाराची कडी, चपला, झोपाळ्याची साखळी, शेवटी बहिणीचे हातही "तेलाचे" झाले. धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्यात, त्यात हा पावसाळा.

धुण्यापेक्षा जड जातात ते प्रश्न. "आई, तेल लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं की आजीला विचारणार, मग आजोबांना, आणि रात्री फोनवर बाबांना. चौघांनीही अगदी एकाच शब्दांत "नाही लागलं, काही होणार नाही" म्हणायचं. कोणी नुसतं "नाही रे" म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रत्नागिरीला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. ओसीडी आहे म्हणाले, म्हणजे नको ती भीती मनात घुसते आणि ती शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते. या वयात आधी वर्तनोपचार करू आणि त्यातलं बरंचसं काम आईवडिलांनीच करायचं, असं सांगितलं. मानसतज्ज्ञ बाई फोनवर आम्हाला शिकवणार आहेत. तत्त्व कळलं, पण आमच्यासारख्या भरल्या घरात ते उतरवायचं कसं? सासूबाईंचं सोवळं-ओवळं आहे, नवरा लांब आहे, आणि गणपतीत तर घरात पंचवीस माणसं. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

वाचनवेडी

वाचतेय. लेकीच्या मैत्रिणीकडे असंच काहीसं चालू आहे.

खाडीकाठ

स्पष्ट लिहितो, राग नसावा. सगळीच मुलं थोडीफार अशी असतात. माझा पुतण्या लहानपणी निळ्या ताटलीशिवाय जेवत नसे, आज कॉलेजात मेसचं काहीही खातो. इतक्या लहान पोराला रोगाचं नाव चिकटवायची घाई नको.

सुरंगी

मी मुलांसोबत काम करणारी मानसतज्ज्ञ आहे. आजोळ वेंगुर्ल्याचं, काम पुण्यात.

खाडीकाठ, तुमचा पुतण्या चारेक वर्षांचा असावा. दोन ते चार या वयात तीच ताटली, तीच गोष्ट, झोपताना तेच पांघरूण हे सर्रास दिसतं आणि आपोआप सुटतं. त्यात मूल खूश असतं. ओसीडीत खूश नसतं, अडकलेलं असतं. दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ त्यात जात असेल, मूल हैराण होत असेल, शाळा-जेवण-खेळ अडत असेल, तर तपासून घ्यावं. इथे बोटांना भेगा पडल्यात आणि चार मोठी माणसं ठरलेलं वाक्य म्हणताहेत. ही घाई नाही.

आता मूळ मुद्दा. भीती वाटते, मूल हात धुतं किंवा विचारतं, लगेच हायसं वाटतं. मेंदू शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धुणं आणखी गरजेचं होतं. उपचार याच्या उलट जातो. भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. याला ईआरपी म्हणतात. भीती शिखरावर जाऊन आपणहून उतरते, आणि नाही उतरली तरी तिच्यासकट राहता येतं, हे मूल अनुभवाने शिकतं. समजावून ते शिकत नाही.

पाच-सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याला हे जमत नाही, कारण त्याच्या ओसीडीचा अर्धा भाग घरच्यांच्या तोंडून आणि हातून चाललेला असतो. आपण उत्तर देतो, साबण पुरवतो, कडी उघडून देतो, बहिणीला लांब बसवतो. म्हणून या वयात उपचार घराला शिकवायचा असतो. अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी पाच ते आठ वर्षांच्या १२७ मुलांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा आठवड्यांत बारा भेटी, प्रत्येक कुटुंबाला. निम्म्यांना आईवडिलांसह ईआरपी, निम्म्यांना आईवडिलांसहच शिथिलीकरण, म्हणजे अंग-मन सैल सोडायला शिकवणं. पहिल्या गटात ७२ टक्के मुलं बरीच सुधारली, दुसऱ्यात ४१. दोन्हीकडे आईवडील होतेच, म्हणजे फरक नुसत्या वेळ देण्याने पडलेला नाही. घरच्यांनी काय केलं, त्याने पडला.

आबा_देवगड

माका ह्यातला शास्त्र काय कळणा नाय. पण आमच्या वाडीत एका झिलाचा असाच होता. आवशीन देवाक कौल लावल्यान, गाऱ्हाणा घातल्यान, अंगारो आणल्यान. झील बरो झालो असा सगळे म्हणाक लागले. पण मगे रोज रात्री अंगारो लावल्याशिवाय तो झोपाचोच नाय. अंगारो सरलो की रडारड. तेव्हा गाऱ्हाणा घालूचा तर मोठ्यांनी घाला, पोराक त्येच्यात घेव नका. आणि डॉक्टराक सोडू नका.

सुरंगी

आबा, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. अंगारा, रामरक्षा, स्तोत्र, काहीही असो, भीती घालवायचं औषध म्हणून मुलाच्या हाती दिलं की ते नव्या कृतीचं रूप घेऊ शकतं. घरी रोज संध्याकाळी सगळे मिळून म्हणतात तसं म्हणायला काहीच हरकत नाही. "हात खराब वाटले की म्हण" असं मात्र सांगू नका.

बांगडाफ्राय

रातांबा, आम्ही यातून गेलोय. मुलगी तेव्हा सहाची होती. सावंतवाडीत राहतो, त्यामुळे तपासणीला गोव्यात बांबोळीला गेलो होतो. तिचं वेगळं होतं. रात्री झोपताना घरातल्या प्रत्येकाने ठरलेल्या क्रमाने "उद्या भेटू" म्हणायचं. मधे कोणी खोकललं तरी पुन्हा आजोबांपासून सुरू. कशाची भीती वाटते विचारलं तर सांगता यायचं नाही, "कसंतरी होतं" एवढंच.

आम्हाला पहिलं काम दिलं ते वहीचं. मुलगी काय करते ते लिहायचं नाही, आपण काय करतो ते लिहायचं. कोण, कधी, किती वेळ. नवऱ्याने लिहिलं, सासऱ्यांनी सांगितलं, दिराने फोनवरून भर घातली. मोठ्यांची यादी तिच्या यादीपेक्षा लांब निघाली. मी दरवाजा हळू लावत होते, दीर रात्री साडेनऊनंतर खोकायला मागच्या पडवीत जात होता, आणि त्याला कोणी सांगितलंही नव्हतं!

मग त्या यादीतली एकच गोष्ट निवडायची. सगळ्यात अवघड नको आणि अगदी किरकोळही नको. रोज घडणारी, आणि पूर्णपणे आपल्या हातातली. हे आमच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तिने काय करायचं यावर आपला ताबा नाही. तिला गप्प बसवायचं नाही, धरून ठेवायचं नाही, शिक्षा नाही. आपण काय करायचं, तेवढंच ठरवायचं. आम्ही ठरवलं की "उद्या भेटू" प्रत्येकजण एकदाच म्हणेल.

हे तिला ऐन वेळी सांगितलं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, ती मजेत असताना, नवऱ्याने आणि मी दोघांनी सांगितलं. वाक्य आधी लिहून काढलं होतं: "झोपताना तुला खूप कसंतरी होतं, ते आम्हाला कळतं. आणि ते सहन करायची ताकद तुझ्यात आहे, याची आम्हाला खात्री आहे. आजपासून आम्ही एकदाच म्हणणार." पहिलं वाक्य टाळलं तर ते दटावणं होतं, दुसरं टाळलं तर नुसतं कुरवाळणं. दोन्ही लागतात. त्यापुढे चर्चा नाही. "पण का?" ला उत्तर नाही, कारण ओसीडीशी वाद घालत बसलात तर तो पहाटेपर्यंत घालतो.

पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधीच माहीत असू द्या. रडणं वाढलं, उशी फेकली, "तुम्ही माझे आईबाबा नाहीच" झालं. सासरे म्हणाले, एकदा म्हणून टाका, पोर झोपेल तरी. तासाभराने म्हणून टाकलं असतं तर तासभर रडलं की मिळतं, एवढंच ती शिकली असती. दारात आलेल्या मांजराला मासळीचं डोकं टाकत राहिलात तर ते जाईल कशाला? मी शेजारी बसून होते, पाठीवर हात फिरवत होते. ते चालतं. जवळ असणं आणि कृतीत सामील होणं वेगळं.

बक्षीस ठेवलं होतं, पण भीती न वाटल्याचं नाही, भीती वाटत असताना धीर धरल्याचं. बक्षीस म्हणजे फार काही नाही, भिंतीवरच्या कागदावर एक टिकली, आणि ठरावीक टिकल्या झाल्या की जत्रेत पाळणा. "आज टिकली का नाही?" हा नवीन प्रश्न सुरू व्हायला नको, म्हणून दिवसातून एकदाच हिशेब.

चाकरमानी

मी तुमच्या नवऱ्याच्या जागी आहे, म्हणजे वसईला, आणि बायको-मुलगी कणकवलीकडे. आमच्याकडे निदान झालंय, उपचार सुरू व्हायचेत. एक प्रामाणिक प्रश्न. दिवसभरात लेक एकदाच दिसते, तीही फोनवर, आणि ती रडत विचारतेय, बाबा सांगा ना. तेव्हा गप्प कसं राहायचं? तिथे घरी असतो तर निदान जवळ घेता आलं असतं.

सुरंगी

चाकरमानी, गप्प राहायचं नाही. तेच दोन वाक्यांचं उत्तर द्यायचं, आईने दिलं तसंच. ओसीडीला घरातलं मऊ माणूस बरोबर सापडतं, आणि लांबचा बाबा बहुतेकदा तोच असतो. फोनची रचना बदला. आधी पाच मिनिटं शाळा, मांजर, नदीचं पाणी किती चढलं, काय ते बोला. प्रश्न येईल तेव्हा ते वाक्य एकदा म्हणा, आणि लगेच आधीचं बोलणं पुढे न्या. प्रश्न आला म्हणून फोन ठेवू नका, आणि उत्तर मिळेपर्यंत लांबवूही नका.

फक्त आईवडिलांशी बोलून चालणारी एक पद्धत आहे, स्पेस नावाची. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी ती विकसित केली. बांगडाफ्राय यांनी लिहिलेलं दोन वाक्यांचं बोलणं बरंचसं त्याच जातीचं आहे. तिच्या गाजलेल्या चाचणीत सात ते चौदा वयाची १२४ मुलं होती, आणि मुलाला थेट सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार, ईआरपी त्यातलाच) देण्याइतकाच फायदा नुसत्या पालकांना शिकवून झाला. पण ती मुलं चिंताविकाराची होती, त्यामुळे ते निकाल ओसीडीला जसेच्या तसे लावू नयेत. मूल यायलाच तयार नसेल तर मात्र हा रस्ता फार उपयोगी आहे.

रातांबा

खूप खूप आभार. वही सुरू केली. सासूबाईंनी स्वतःहून त्यांचं सांगितलं: याने हात लावलेला तांब्या त्या गुपचूप पुन्हा घासून ठेवतात, त्याच्या समाधानासाठी. मला पत्ताच नव्हता. आता प्रश्न सोवळ्याचा. त्या देवपूजेआधी कोणाला शिवत नाहीत. मुलगा म्हणतो, आजी धुते ते चालतं, मग मी का नको? काय सांगू?

कुळागर

सोवळंच बंद करा म्हणणारे आता येतील बघा.

सुरंगी

मी तरी म्हणणार नाही. आजींच्या नियमाला शेवट आहे. आंघोळ झाली, पूजा झाली, नैवेद्य दाखवला की त्या सोवळं सोडून पडवीत येऊन सगळ्यांबरोबर बसतात. मनासारखं झालं नाही म्हणून चौथ्यांदा आंघोळ करत नाहीत. ओसीडीच्या नियमाला शेवट नसतो, तो आठवड्याआठवड्याला वाढतो, आणि पाळूनही समाधान देत नाही. सात वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो, विशेषतः आजीनेच सांगितला तर. पूजेचं आहे तसं राहू द्या. तांब्या पुन्हा घासणं तेवढं यादीत घ्या.

त्याला त्या त्रासाचं काही नाव ठेवायला सांगा. "तू असा करतोस" न म्हणता "तो आला वाटतं" म्हणता येतं, आणि सगळे मिळून त्याच्या विरुद्ध उभे राहतात. शिवाय बहिणीला त्याला चिडवायचं कारण उरत नाही.

झेडपीचा_मास्तर

शाळेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या वर्गात एक मुलगी अक्षर "नीट" येईपर्यंत खोडायची, वही फाटायची. आईने येऊन सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी तिला व्यवस्थित मुलगी समजत होतो. पोषण आहाराच्या वेळी तुमचा मुलगा हात धुऊन रांगेतून मागे राहतो का, खिचडी खातो का, ते बाईंना विचारा. ओरडू नका आणि सवलतही अमर्याद देऊ नका, एवढं सांगितलं तरी पुरतं. मी खोडरबर दिवसाला एकदाच वापरायचं ठरवलं होतं, तेही तिला आणि आईला विचारून. वर्गासमोर कधीच बोललो नाही.

खाडीकाठ

माझी शंका मागे घेत नाही, पण इथलं वाचून थोडी पातळ झाली. औषधाचं काय? लहान मुलांना या गोळ्या देतात?

सुरंगी

देतात, गरज असेल तर. मी गोळ्या लिहून देत नाही, तो मनोविकारतज्ज्ञांचा प्रांत, म्हणून सर्वसाधारण तेवढंच सांगते. सर्ट्रालिनला अमेरिकेत सहा वर्षांपासूनच्या मुलांच्या ओसीडीसाठी मान्यता आहे. परिणाम दिसायला बरेच आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नसते. २००४ मध्ये सात ते सतरा वयाच्या ११२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणं जवळजवळ गेली असं म्हणता येईल अशी मुलं गोळी आणि सीबीटी दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ५३.६ टक्के, फक्त सीबीटीत ३९.३, फक्त गोळीत २१.४ आणि खोट्या गोळीत ३.६. सौम्य-मध्यम त्रासात आधी वर्तनोपचार का, आणि जास्त त्रासात दोन्ही का, ते यातून दिसतं.

एक महत्त्वाचं. लक्षणं रातोरात, एक-दोन दिवसांत उफाळली, विशेषतः घसा दुखून ताप येऊन गेल्यावर, सोबत अंगाला झटके, अंथरूण ओलं होणं, अक्षर एकदम बिघडणं, खाणं सोडणं असं काही असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. ते वेगळं प्रकरण असू शकतं.

आणि कोणाला कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

रातांबा

त्याने नाव ठेवलं, चिकट्या. फणसाच्या चिकावरून. आम्ही निवडलेली गोष्ट: प्रश्नाचं उत्तर नाही, फक्त दोन वाक्यं. नवराही त्यात. पहिल्या रात्री सासरे उठून खळ्यात गेले, ऐकवेना त्यांना. पण मधे पडले नाहीत.

सामोरं जायच्या पायऱ्या मानसतज्ज्ञ बाईंबरोबर ठरवल्या. ओल्या बिया हाताळायला लावायच्या नाहीत, त्या मोठी माणसंही खोबरेल चोपडूनच हाताळतात. भीती खोटी आहे तिथेच पायरी. आधी बियांच्या बंद गोणीशेजारी बसून पत्ते खेळायचे. मग गोणीला हात लावायचा आणि खेळ पुढे. मग कडी. मग भाजलेले काजूगर, हात एकदाच धुऊन खायचे. ही शेवटची पायरी त्यानेच सुचवली, कारण काजूगर त्याला आवडतात, लबाड.

गणपतीचं मात्र टेन्शन आहे. आल्या आल्या प्रत्येकजण "अरे काही नाही होत, मी सांगते ना" म्हणणार.

बांगडाफ्राय

आम्ही घरच्या ग्रुपवर आधीच एक निरोप टाकला होता. तुमच्या मुलासाठी बदलून देते:

"सर्वांना नमस्कार. गणपतीला या, वाट पाहतोय. एक विनंती. बाळाला सध्या एक भीतीचा त्रास आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत. तो तुम्हाला 'हाताला काही लागलं का' असं विचारेल. हो किंवा नाही, काहीच सांगू नका. 'आईने सांगितलंय तसं' एवढंच म्हणा आणि त्याला आरतीच्या टाळांकडे, मोदकांकडे, कशाकडेही न्या. त्याच्यासमोर या विषयावर चर्चा नको, आणि कोणी उपाय सुचवायचे असतील तर मला फोन करा, त्याला नको."

शेवटचं वाक्य काढू नका. एका आत्याबाईंसाठीच होतं ते. आणि गणपतीच्या दिवसांत नवीन पायरी सुरू करू नका. चालू आहे ते टिकलं तरी पुष्कळ.

आबा_देवगड

आत्या सगळ्यांच्याच घरात आसता.

रातांबा

गणपती जाऊन थोडे दिवस झाले, म्हणून लिहितेय. निरोप टाकला होता. बहुतेकांनी पाळला, दोघांनी नाही, आणि त्या दोन्ही वेळा मुलगा दिवसभर त्यांच्याच मागे फिरत होता, उत्तर देणारं माणूस सापडलं म्हणून. सुरंगी, तुम्ही लिहिलं होतं ते मऊ माणसाचं. सासूबाईंनीच मग त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

प्रश्न कमी झालेत, गेलेले नाहीत. भेगा भरल्यात. शाळेत खिचडी खातो. कडी आता स्वतः उघडतो, झोपाळ्याची साखळी अजून नाही. नवरा म्हणतो, फोनवर परवा पहिल्यांदा चिकट्याचं नाव न काढता मासे पकडायच्या गोष्टी सांगितल्या. बाईंनी सांगितलंय की आजारपण, परीक्षा, घरात बदल असं काही झालं की पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा याच वहीतून पुन्हा सुरू करायचं. पुढची पायरी बहिणीच्या हातची भाकरी खाण्याची आहे. ती पाच वर्षांची आहे आणि तिची भाकरी तशीही कोणी खात नाही, पण बघू.

हर्णैकर

उशिरा वाचला धागा. आम्ही दापोली तालुक्यात, मुलगी आठ वर्षांची. ऑनलाइन भेटी घ्यायच्या म्हटलं तर आमच्याकडे पावसात रेंज जाते ती जातेच. व्हिडिओशिवाय चालतं का?

सुरंगी

पालकांच्या भेटी साध्या फोनवर चालतात, कारण त्यात मुलीला पडद्यासमोर बसवायचं नसतं. पहिली तपासणी तेवढी समक्ष करून घ्या. ठरलेल्या वेळी फोन लागला नाही तर दुसरी वेळ आधीच ठरवून ठेवा, नाहीतर आठवडा वाया जातो.

रातांबा

हर्णैकर, आमच्याकडेही तेच. मी मागच्या दारी चिंचेखाली उभी राहून बोलते, तिथे एक कांडी येते. वहीचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय, बघा.